धागा: प्लॉट काढल्यावर अक्षरं आणि मापं नेमक्या आकाराची कशी यावीत?

नवखी_रेघ

नमस्कार मंडळी. ड्राफ्ट्समन सिव्हिलचा आयटीआय झाला, आता एका आर्किटेक्टच्या ऑफिसात लागले आहे. कामं बंगल्यांची, रो-हाऊसची, एखादी तीन मजली इमारत. ऑटोकॅड येतं, पण टेक्स्ट आणि डायमेंशनची साइज ठरवायची कशी, हे कुणी धड शिकवलंच नाही.

एकाच फाईलमधून चार प्रकारची शीट काढावी लागतात. मंजुरीचा नकाशा १:१००, साईट प्लॅन १:५००, सेंटरलाइन १:५० आणि जिना-टॉयलेटचे डिटेल १:२०. ड्रॉईंग मीटरमध्ये, म्हणजे एक युनिट म्हणजे एक मीटर. स्क्रीनवर सगळं छान दिसतं. प्लॉट काढला की साईट प्लॅनवरची अक्षरं दिसेनाशी आणि डिटेलवरची ढब्बू. ऑफिसात विचारलं तर एक दादा म्हणतात हाइट ०.२५ ठेव, दुसरे म्हणतात ०.३, तिसरे म्हणतात झूम करून बघ आणि डोळ्याला बरं वाटेल ते दे. ॲनोटेटिव्ह (स्केलप्रमाणे अक्षराचा आकार आपोआप बदलणारी सोय) करून बघितलं, १:१०० निवडलं, तर एक अक्षर अख्ख्या गावठाणाएवढं झालं.

आकडे पाठ करायचे नाहीत. गणित समजून घ्यायचं आहे.

टी_स्क्वेअर

तिसऱ्या दादांना माझा नमस्कार सांग. स्क्रीनवर तू झूम करतेस, कागदावर कुणी करत नाही. त्यामुळे स्क्रीनवर काय बरं दिसतं याला काडीचाही अर्थ नाही.

उलट्या बाजूने सुरुवात कर. कागदावर अक्षर किती मिलिमीटर उंच हवं ते आधी ठरव. त्याला स्केलने गुण. जे येईल ते मिमीमध्ये. तुझं ड्रॉईंग मीटरमध्ये आहे म्हणून हजाराने भाग. संपलं.

२.५ मिमीचं अक्षर १:१०० ला: २.५ गुणिले १०० म्हणजे २५० मिमी, म्हणजे ०.२५ मीटर. हे पहिल्या दादांचं ०.२५. दुसऱ्यांचं ०.३ म्हणजे कागदावर ३ मिमी. दोघंही बरोबर आहेत, पण दोघंही फक्त १:१०० बद्दल बोलतायत. तेच ०.२५ चं अक्षर तू १:५०० च्या शीटवर नेलंस तर कागदावर अर्धा मिमी उरतं. १:२० वर नेलंस तर साडेबारा मिमी. तुझं दिसेनासं आणि ढब्बू ते हेच.

तुझ्या चार शीटसाठी २.५ मिमीचा हिशेब: १:५०० ला १.२५, १:१०० ला ०.२५, १:५० ला ०.१२५, १:२० ला ०.०५.

डायमेंशनच्या बाबतीत मात्र असे वेगवेगळे आकडे भरत बसू नकोस. स्टाइलमध्ये सगळं कागदावरच्या मिमीमध्ये लिही: अक्षर २.५, टिक (मापाच्या टोकाची तिरकी खूण) १.५, एक्स्टेन्शन लाइन वस्तूपासून १.५ सुटलेली, डायमेंशन लाइनच्या पुढे १.२५ गेलेली. मग 'फिट'च्या पानावर ओव्हरऑल स्केल हा एकच आकडा बदलायचा. त्यालाच कमांड लाइनवर डिमस्केल म्हणतात. तुझ्या मीटरच्या फाईलमध्ये १:१०० साठी ०.१, १:५० साठी ०.०५, १:५०० साठी ०.५. मिमीत काढणाऱ्यांचं सोपं, त्यांना सरळ १००, ५०, ५००.

अमोनिया_प्रिंट

टी_स्क्वेअर यांनी २.५ धरलं, पण २.५ च का, २ किंवा ३ का नाही, हे नव्या मुलांना कुणी सांगत नाही. आम्ही ट्रेसिंगवर शाईने काम केलेले, म्हणून थोडं लांबण लावतो.

कागदाची ए मालिका घ्या. ए१ म्हणजे ८४१ बाय ५९४, ए२ म्हणजे ५९४ बाय ४२०, ए३ म्हणजे ४२० बाय २९७. प्रत्येक पुढचा कागद लांबी-रुंदीने मागच्याच्या ०.७०७ पट, म्हणजे भागिले वर्गमूळ दोन. आता अक्षरांच्या प्रमाणित उंच्या बघा: १.८, २.५, ३.५, ५, ७, १०, १४, २०. यांचीही पट तीच. आयएसओ ३०९८ मध्ये हीच मालिका आहे. ए१ वर ३.५ मध्ये लिहिलेलं अक्षर ए२ वर लहान केलं की २.५ होतं, ए३ वर केलं की १.८ च्या आसपास. म्हणजे शीट लहान झालं तरी अक्षर मालिकेतल्याच एका पायरीवर येऊन उभं राहतं.

पेनांचंही तेच. ०.१८, ०.२५, ०.३५, ०.५, ०.७. अक्षराच्या उंचीचा दहावा भाग ही रेघेची जाडी. ३.५ च्या स्टेन्सिलला ०.३५ चा पेन, त्यावर पिवळा पट्टा. २.५ ला ०.२५, पांढरा पट्टा. ५ ला ०.५, तपकिरी. स्टेन्सिल आणि पेन यांचा रंग जुळवला की काम झालं, डोकं चालवायची गरजच नव्हती.

आता काय होतं, टेक्स्टचा लेअर कुणीतरी ०.५ च्या लाइनवेटवर (रेघेच्या जाडीवर) ठेवतो, अक्षर २.५ चं, आणि प्लॉटमध्ये ६ आणि ८ ची पोटं शाईने भरून जातात. मग ओरड, की अक्षर लहान पडलं. अक्षर बरोबर आहे हो, पेन जाड आहे. सिम्प्लेक्स किंवा रोमन-एस सारखा एका रेघेचा फॉन्ट असेल तर हा दहाव्या भागाचा नियम आजही तंतोतंत लागू पडतो. एरियलसारखे फॉन्ट भरीव असतात, त्यांची जाडी लाइनवेटवर ठरत नाही.

नवखी_रेघ

काका, हे इतकं सरळ आहे हे माहीतच नव्हतं! सीटीबी (कुठला रंग किती जाड छापायचा ते ठरवणारी फाईल) उघडून बघितली, आमच्याकडे टेक्स्टचा रंग खरंच ०.५ वर आहे.

टी_स्क्वेअर सर, डिमस्केल कळलं. पण मग ॲनोटेटिव्हमध्ये १:१०० निवडल्यावर एवढा गोंधळ का झाला? ते तर आपोआप व्हायला हवं ना?

लेअर_शून्य

आपोआपच झालं. फक्त तुझ्या आणि ऑटोकॅडच्या १:१०० चा अर्थ वेगळा आहे.

यादीतलं १:१०० म्हणजे कागदावरचं एक युनिट बरोबर ड्रॉईंगमधली शंभर युनिट. त्याला मीटर-मिमी काही कळत नाही. मिमीत काढणाऱ्यासाठी ते बरोबर. तू मीटरमध्ये काढतेस आणि कागद मिमीत मोजतेस, म्हणून २.५ गुणिले १०० म्हणजे २५० युनिट, आणि तुझं युनिट मीटर. अडीचशे मीटर उंचीचं अक्षर आलं. गावठाण बरोबर म्हणालीस.

उपाय: स्केलच्या यादीत स्वतःचं स्केल बनव. नाव दे '१:१०० मी'. पेपर युनिट १, ड्रॉईंग युनिट ०.१. तसंच १:५० साठी १ ला ०.०५, १:५०० साठी १ ला ०.५, १:२० साठी १ ला ०.०२. वर डिमस्केलचे आकडे दिलेत, तेच हे. हीच नावं व्ह्यूपोर्टच्या (शीटवर ड्रॉईंग दाखवणाऱ्या खिडकीच्या) यादीतही दिसतात, म्हणजे व्ह्यूपोर्टला '१:१०० मी' दिलं की झूमही बसतं आणि अक्षरंही बसतात. हाताने झूम करणाऱ्यांनी १:१०० साठी १०एक्सपी (कागदाच्या युनिटच्या दहापट), १:२०० साठी ५एक्सपी लिहायचं. मीटरच्या फाईलमध्ये हजार भागिले स्केल, एवढंच.

हे एकदा टेम्प्लेट फाईलमध्ये करून ठेव. माझं मत विचारशील तर तुझ्यासारख्या एक-फाईल-चार-स्केल कामाला ॲनोटेटिव्हच योग्य आहे. खोलीचं नाव एकदाच लिहायचं, त्याला १:१०० आणि १:५० दोन्ही स्केल जोडायची, दोन्ही शीटवर ते २.५ मिमीच येतं. २००८ च्या आवृत्तीपासून ही सोय आहे आणि अजून लोक प्रत्येक स्केलसाठी वेगळा टेक्स्ट लेअर करून लपवाछपवी खेळतात.

टी_स्क्वेअर

लपवाछपवी खेळणाऱ्यांपैकी मी एक, तेव्हा दोन शब्द बोलू द्या. :)

ॲनोटेटिव्हचं गणित छान आहे. त्रास वेगळा आहे. स्केल बदललं की आपोआप सगळ्यांना नवं स्केल जोडणारं ते बटण चुकून चालू राहिलं, तर फाईलमधल्या प्रत्येक अक्षराला पाच-पाच स्केल चिकटतात. एक अक्षर हलवलं की त्याचं दुसऱ्या स्केलमधलं रूप जुन्याच जागी राहतं. आणि दुसऱ्यांच्या फाईली जोडून-जोडून स्केलच्या यादीत शेकडो कचरा नावं जमतात, फाईल उघडायलाच जीव जातो. मग यादी रिसेट करा.

जिथे सगळ्यांना एकच शिस्त लावता येते तिथे ॲनोटेटिव्ह. जिथे फाईल चार हातांतून जाते तिथे जुना डिमस्केल. तो कुणालाही कळतो.

वाळूचा_ब्रास

साईटवरून बोलतोय. तुमचा २.५ मिमी ऑफिसातल्या ट्यूबलाइटखाली ठीक आहे.

आमच्याकडे ए१ चं भेंडोळं येतं, पहिल्याच दिवशी त्याची घडी पडते, मग कुणीतरी जवळच्या झेरॉक्सवाल्याकडून ए३ वर लहान करून आणतं आणि पुढे सगळं काम त्या ए३ वर चालतं. ए१ चं ए३ म्हणजे बरोबर निम्मं. तुमचं २.५ झालं १.२५. उन्हात, सिमेंटच्या हातांनी धरलेल्या कागदावर १.२५ मिमीचं माप मिस्त्री वाचणार? तो वाचत नाही, विचारतो. नाहीतर विचारतही नाही, स्केलपट्टी लावून मोजतो, आणि ती तर सगळ्यात वाईट गोष्ट.

सेंटरलाइन आणि फूटिंगच्या ड्रॉईंगवर मापं ३.५ मिमीच ठेवा. निम्मं झालं तरी १.७५ उरतं, ते वाचता येतं. कॉलम नंबर ५.

टी_स्क्वेअर

शंभर टक्के मान्य. आणि यात एक पोटमुद्दा आहे जो ड्राफ्ट्समननेच सांभाळायला हवा. ए१ चं ए३ केलं तर १:१०० चं १:२०० होतं, पट्टीवर निदान ते स्केल असतं. ए१ चं ए२ केलं तर १:१४१ होतं. असल्या स्केलची पट्टी जगात कुठे मिळत नाही, आणि कोपऱ्यात मात्र ठळक अक्षरांत १:१०० छापलेलं. म्हणून शीटवर आकड्यातल्या स्केलबरोबर आखलेली स्केलपट्टीही हवी, ० ते ५ मीटरची. कागद लहान-मोठा झाला की तीही बरोबर लहान-मोठी होते.

त्याहून बरं म्हणजे साईटसाठी ए३ चे लेआउट (छापायची शीटं) पहिल्यापासून वेगळे करायचे. सेंटरलाइन दोन तुकड्यांत पडली तर पडू दे.

वाळूचा_ब्रास

दोन तुकडे चालतील, पण जोडरेषेवरचा ग्रिड दोन्हीकडे दिसू द्या.

वाळवंटी_पेन्सिल

मी आखाती देशात एका मोठ्या कन्सल्टंटकडे आहे, मूळचा कोल्हापूरचा. इकडे मॉडेल स्पेसमध्ये (जिथे इमारत खऱ्या मापात काढतात तिथे) एकही अक्षर किंवा डायमेंशन ठेवायची परवानगी नाही. मॉडेलमध्ये फक्त भूमिती. मापं, नावं, टीपा सगळं लेआउटवर, व्ह्यूपोर्टच्या वरून. स्टाइल एकच, डिमस्केल १, अक्षर २.५. स्केल कुठलंही असो, कागदावर अडीच म्हणजे अडीच. कसलं गुणाकार-भागाकार आणि कसलं ॲनोटेटिव्ह!

आणि माप चुकत नाही का? नाही. डिमअसोक (माप वस्तूला बांधून ठेवणारी सेटिंग) २ वर असेल आणि तुम्ही व्ह्यूपोर्टमधल्या खऱ्या वस्तूच्या टोकाला स्नॅप केलं असेल, तर डायमेंशन मॉडेलमधलं माप स्वतःच ओळखतं.

रिंग_आठ_एमएम

हो, आणि ती फाईल मला स्ट्रक्चरल डिझाइनला पाठवली की मी काय बघू? मॉडेलमध्ये एक माप नाही, एका खोलीचं नाव नाही. एक्सरेफ केलं (ती फाईल माझ्या फाईलला जोडली) तर लेआउट येत नाही. प्रत्येक वेळी आर्किटेक्टच्या लेआउटमध्ये जाऊन बीमखालची भिंत नक्की कोणती ते शोधायचं.

शिवाय कुणी व्ह्यूपोर्टचं कुलूप काढून आत माउसचं चाक फिरवलं, की इमारत सरकते आणि मापं हवेत लटकतात. कधी डिमरीजेन कमांडने परत येतात, कधी नाही.

वाळवंटी_पेन्सिल

व्ह्यूपोर्ट लॉक न करणाऱ्याला इकडे जेवायला देत नाहीत. :) पण मॉडेल उघडं पडतं हा मुद्दा मान्य. आमच्याकडे सगळे एकाच नियमाने काम करतात म्हणून चालतं. दोन-चार माणसांच्या ऑफिसात, जिथे बाहेरचा आरसीसीवाला, बाहेरचा प्लंबिंगवाला, तिथे मॉडेलमध्ये मापं हवीत हे पटतं. डिटेलची शीटं तरी लेआउटवर मोजा. जिन्याच्या १:२० डिटेलचा त्या आरसीसीवाल्यालाही त्रास नाही.

रिंग_आठ_एमएम

डिटेलवरून आठवलं. एक जुनी खोड अजून दिसते: टॉयलेट कॉपी करायचं, पाचपट मोठं करायचं, त्याच १:१०० च्या शीटवर बाजूला ठेवायचं, की झालं १:२०. मग डायमेंशन १.२० ऐवजी ६.०० दाखवतं, म्हणून डिमएलफॅक (मोजलेल्या मापाचा गुणक) ०.२ करायचं. इथवर चालतं. पुढे कुणीतरी मॅच प्रॉपर्टीजने ती स्टाइल मुख्य प्लॅनवर फिरवतं आणि चार मीटरची खोली ०.८० दाखवू लागते. यापेक्षाही वाईट, डायमेंशन एक्स्प्लोड करून आकडा हाताने टाइप केलेला. तो आकडा भिंत हलली तरी हलत नाही.

नवखी_रेघ, एवढं एकच लक्षात ठेव. भूमिती कधीही मोठी-लहान करायची नाही. मोठा-लहान होतो तो व्ह्यूपोर्ट.

दोन_सूत

सगळे मीटर आणि मिमीतच बोलताय. आमच्या भागात पालिकेत मीटर, साईटवर फूट-इंच. मिस्त्री अजून सूत म्हणतो, आठ सूत म्हणजे एक इंच. वर्किंग ड्रॉईंग आम्ही इंचात काढतो, एक युनिट एक इंच. त्याचा हिशेब कसा?

टी_स्क्वेअर

इंचात काढायचं तर स्केलही इंचाचंच घ्या, डोकं शांत राहतं. एक फुटाला १/८ इंच म्हणजे १:९६. एक फुटाला १/४ इंच म्हणजे १:४८. कागदावर ३/३२ इंचाचं अक्षर हवं असेल (ते साधारण २.४ मिमी भरतं), तर १:९६ ला ९ इंच उंची, १:४८ ला साडेचार इंच. डिमस्केल सरळ ९६ किंवा ४८, स्टाइलमधले आकडे इंचात.

इंचातलं ड्रॉईंग १:१०० ला प्लॉट करायचं आणि लेआउट मिमीत असेल तर व्ह्यूपोर्ट ०.२५४एक्सपी. २५.४ भागिले १००. अक्षर २.५ मिमी हवं तर उंची ९.८४ इंच. असले आकडे दिसले की समजायचं, दोन पद्धतींची सरमिसळ झालीय.

एकाच मापात दोन्ही हवं असेल तर डायमेंशन स्टाइलमध्ये अल्टरनेट युनिट चालू करा, गुणक ०.०२५४ दिला की फूट-इंचाच्या शेजारी चौकटी कंसात मीटर येतात. मात्र मापाची लांबी दुप्पट होते आणि टॉयलेट-डक्टमध्ये सगळं एकमेकांवर चढतं. मी ते फक्त बाहेरच्या एकूण मापांना वापरतो.

दोन_सूत

बाहेरच्या मापांपुरतं, हे आवडलं. मालकाला फूट दिसतात, पालिकेला मीटर.

मोडी_ते_मंगल

मराठी अक्षरांबद्दल कुणी बोललं नाही. मंजुरीच्या नकाशावर 'मौजे अमुक, गट नंबर तमुक येथील नियोजित बांधकाम' हे शीर्षक मराठीत असतं, क्षेत्रफळाचा तक्ताही बऱ्याच ठिकाणी मराठीत.

एक, सिम्प्लेक्ससारख्या एसएचएक्स फॉन्टमध्ये देवनागरी नाही. त्या स्टाइलमध्ये मराठी पेस्ट केलं की प्रश्नचिन्हांची रांग दिसते. मराठीसाठी वेगळी टेक्स्ट स्टाइल करा, मंगल किंवा निर्मला यूआय, युनिकोड. जुन्या बिनयुनिकोड फॉन्टमध्ये टाइप केलेलं शीर्षक दुसऱ्याच्या मशीनवर फॉन्ट नसला की इंग्रजी चिन्हांचा कचरा होतो, आणि प्लॉटवाल्याकडे तो फॉन्ट हमखास नसतो. म्हणून त्याला डीडब्ल्यूजी (ऑटोकॅडची मूळ फाईल) द्यायची नाही, पीडीएफ द्यायची.

दोन, उंची. कॅडमध्ये आपण देतो ती उंची इंग्रजी मोठ्या अक्षराची. देवनागरीत वेलांटी आणि रफार वर जातात, उकार खाली जातो. त्यामुळे तीच उंची देऊन दोन ओळी लिहिल्या तर वरच्या ओळीचा उकार खालच्या मात्रेत घुसतो. ओळींमधलं अंतर दीडपट करा. आणि इंग्रजी जिथे २.५ ला वाचता येतं तिथे मराठी ३.५ ला घ्या; 'क्षेत्र' आणि 'द्वार' लहान आकारात एक काळा ठिपका होतात.

अमोनिया_प्रिंट

मराठी अक्षरांचं स्टेन्सिल आम्हाला कधी दिसलं नाही. शीर्षक सुलेखनवाल्याकडून लिहून घेत असू, किंवा ऑफिसात ज्याचं अक्षर बरं त्याच्या गळ्यात.

नवखी_रेघ

इतकं सगळं मिळालं! टेम्प्लेट करायला बसले आहे. तिथे एक विचित्र प्रकार झाला. डायमेंशन स्टाइलमध्ये अक्षराची उंची २.५ ची ३.५ करते, ओके करते, काहीच बदलत नाही. उंचीचा रकानाच करडा पडलाय.

लेअर_शून्य

टेक्स्ट स्टाइल बघ. तिथे हाइट शून्य नाही, काहीतरी आकडा आहे. टेक्स्ट स्टाइलमध्ये ठरीव उंची असली की डायमेंशन तीच घेतं आणि स्वतःचा आकडा सोडून देतं. डायमेंशन, लीडर वगैरेसाठी जी टेक्स्ट स्टाइल वापरतेस तिची हाइट ० ठेव.

नवखी_रेघ

०.२५ होती. पहिल्या दादांची. शून्य केली, चालू झालं.

टी_स्क्वेअर

आता प्लॉटवाल्याकडचा सापळा. आतापर्यंतचं सगळं बरोबर करून शेवटच्या मिनिटाला मार खायची ही जागा.

लेआउटचं प्लॉट स्केल १:१ हवं, फिट टू पेपर नको. कागद निवडताना फुल ब्लीडचा (बिनमार्जिनचा) ए१ किंवा ए३ घे, नाहीतर मार्जिनमुळे चौकट कापली जाते आणि मग माणूस वैतागून फिट दाबतो. पीडीएफ बरोबर झाली तरी प्लॉटवाला ती रीडरमधून छापताना पान कागदात बसवायचा पर्याय तसाच ठेवतो, आणि सगळं काही टक्क्यांनी लहान होतं. डोळ्याला कळत नाही. पट्टीला कळतं. त्याला सांगायचं, 'ॲक्च्युअल साइज'. मी टायटल ब्लॉकच्या कडेला बरोबर १०० मिमीची एक रेघ ठेवतो. दुकानातच पट्टी लावायची, ९७ भरली तर पैसे द्यायच्या आधी परत काढायला सांगायचं.

मुद्दाम ए१ चं लेआउट ए३ वर निम्मं काढायचं असेल तर प्लॉटच्या खिडकीत लाइनवेटही स्केल करायची खूण कर. नाहीतर अक्षरं निम्मी आणि पेन मात्र पूर्ण जाडीचा, म्हणजे काकांनी सांगितलेली ६ आणि ८ ची गत.

वाळवंटी_पेन्सिल

तुटक रेघांचंही सांगून टाका. सेंटरलाइन एका शीटवर तुटक आणि दुसऱ्यावर सलग दिसते, ही तक्रार येणारच आहे. तुटक रेघांच्या स्केलच्या तीन सेटिंग, पीएसएलटीस्केल १, एमएसएलटीस्केल १, एलटीस्केल १, आणि लाइनटाइप मेट्रिक फाईलमधून लोड केलेले. मग तुटकपणाही कागदाच्या मिमीत मोजला जातो, स्केल कुठलंही असो. इंची फाईलमधले लाइनटाइप मेट्रिकमध्ये आले असतील तर त्यांचे तुकडे २५.४ पट बारीक असतात, म्हणून सलग दिसतात.

नवखी_रेघ

झालं तेही. आता टेम्प्लेट असं आहे: मीटरची फाईल, चार मीटर-स्केल, साधं टेक्स्ट २.५, सेंटरलाइनची मापं ३.५, मराठी टीपा ३.५, खोल्यांची नावं ३.५, शीर्षक ७. टेक्स्टचे पेन ०.२५ आणि ०.३५. मॉडेलमध्ये ॲनोटेटिव्ह मापं, १:२० चे डिटेल लेआउटवर. आपोआप स्केल जोडणारं बटण बंद.

एकच अडलंय. १:१०० वर टॉयलेटची आणि भिंतींची मापं बसत नाहीत. १.२० बसतं कसंबसं, पण भिंतीचं ०.१५ बाहेर उडी मारून दुसऱ्या मापावर बसतं. तिथे अक्षर १.८ करू का?

टी_स्क्वेअर

नको. अक्षर लहान करून काही मिळणार नाही. १५० मिमीची भिंत १:१०० वर कागदावर दीड मिमी. '०.१५' ही चार चिन्हं १.८ मध्ये लिहिली तरी पाच मिमीच्या आसपास जागा घेतात. ते माप तिथे बसणारच नाही. टॉयलेट १.२० म्हणजे कागदावर १२ मिमी, त्यात २.५ चं '१.२०' आरामात मावतं, ते ठेव.

भिंतीच्या जाडीची मापं १:१०० वरून काढून टाक आणि टीप लिही: बाहेरच्या भिंती अमुक, आतल्या अमुक. नॅशनल बिल्डिंग कोडही इमारतीचे नकाशे १:१०० ला आणि एक हेक्टरपर्यंतच्या जागेचा साईट प्लॅन १:५०० ला धरतो. त्या स्केलला जेवढं मावतं तेवढंच त्या शीटवर दाखवायचं. भिंतीसकट सलग मापांची साखळी हवी असेल तर ती १:५० च्या वर्किंग ड्रॉईंगवर. तिथेही ०.१५ बाहेर पडलंच, तर फिटच्या पानावर अक्षर डायमेंशन लाइनच्या वर, लीडरसह, असा पर्याय निवड आणि हाताने एका बाजूला ओढ. एका रांगेतली सगळी एकाच बाजूला ओढायची.

वाळूचा_ब्रास

आणि त्या टीपेत एक ओळ आणखी टाक: मापं प्लास्टर धरून की बिनप्लास्टर. १.२० चं टॉयलेट वीट ते वीट बांधलं आणि दोन्हीकडून प्लास्टर-टाइल लागली की हाती १.१२ सुद्धा राहत नाही, आणि कमोडवाला येऊन उभा राहतो तेव्हा सगळे ड्रॉईंग शोधायला लागतात. हे तेवढं ३.५ मिमीमध्ये लिही.